गळ टाकणाऱ्यांनो, एक वही ठेवा

सांगलीत कृष्णेच्या काठी गळ टाकून बसणाऱ्या तुम्हा सगळ्यांसाठी हे लिहितो आहे. कुणी आयर्विन पुलाखाली पहाटे येतं, कुणी सरकारी घाटाच्या पायऱ्यांवर, कुणी माई घाटाच्या बाजूला, कुणी बंधाऱ्याच्या खालच्या अंगाला, तर कुणी थेट हरिपुरात, वारणा येऊन मिळते त्या संगमावर. तुमच्यातल्या काहींना मी नावानं ओळखतो, बऱ्याच जणांना फक्त पाठीवरून. हमाली करून थकलेले आहेत, निवृत्त मास्तर आहेत, शाळा बुडवून आलेली पोरं आहेत. मीही चाळीस वर्षं तुमच्यातच बसतो आहे, म्हणून हक्कानं बोलतो.

माझी विनंती साधी आहे. गळाच्या पिशवीत दोनशे पानी वही आणि एक पेन ठेवा.

हे का सुचलं ते सांगतो. काही वर्षांपूर्वीची एप्रिलमधली पहाट. बंधाऱ्याला बरगे घातलेले, वरून धरणाचं पाणी बंद, नदी तळ्यासारखी निश्चल. उजाडता उजाडता मासे वर आले आणि पाण्याच्या पृष्ठभागाला तोंड लावून उघडझाप करू लागले. एक-दोन नाही, शेकड्यांनी. मला आनंद झाला. वाटलं, आज पिशवी भरणार. ताज्या कणकेत पेंड मळून आणली होती, गांडूळही होतं. एकाही माशानं आमिषाला तोंड लावलं नाही. कंटाळून साडेआठला घरी गेलो, चहा घेतला, विसरून गेलो. दुसऱ्या दिवशी काठाला पांढरी रांग लागली होती. मेलेले मासे, पोट वर करून. तिसऱ्या दिवशी पाण्याचे नमुने घेणारे आले. त्यांनी विचारलं, हे कधीपासून? कुणी म्हणालं काल, कुणी म्हणालं चार दिवस. मी म्हणालो परवा. परवा किती वाजता, वरच्या बाजूला होतं की इथंच, पाण्याचा रंग कसा होता, वास होता का? मला नीट सांगता आलं नाही. तोवर ते पाणी पुढं निघूनही गेलं होतं.

ती पहाट मला अजून टोचते. मासे वर येऊन तोंड उघडतात ते भुकेनं नाही, गुदमरून. पाण्यात विरघळलेला प्राणवायू संपत आलेला असतो, म्हणून हवेला लागून असलेल्या सगळ्यात वरच्या थरातून ते श्वास ओढायला बघतात. तीस अंश तापलेल्या पाण्यात प्राणवायू पुरेपूर मुरला तरी तो लिटरमागे साडेसात मिलिग्रॅमच्या आसपासच असतो. माशांना बरं वाटायला साधारण पाच लागतो. दोन-तीनच्या खाली गेला की बहुतेक मासे तगत नाहीत. म्हणजे उन्हाळ्यात आधीच हातात फार काही शिल्लक नसतं. त्यात गावाचं सांडपाणी आलं, साखर कारखान्याची मळी आली किंवा आसवणीचं पाणी आलं, तर ते कुजवणारे जिवाणू राहिलेला प्राणवायू काही तासांत खाऊन टाकतात. पाणी वाहतं असलं तर दगडांवर आपटून, खळाळून पुन्हा हवा घेतं. बरगे घातलेल्या बंधाऱ्यामागं ते होत नाही. आणि रात्रभर शेवाळही प्राणवायू घेतच असतं, देत काही नाही, म्हणून सूर्य उगवायच्या आधीची वेळ सगळ्यात वाईट. जलपर्णी माजली असेल तर उजेडही खाली पोचत नाही.

आता विचार करा, त्या वेळेला नदीवर असतं कोण? अधिकारी नसतात, वार्ताहर नसतात, पोहणारेही अजून यायचे असतात. आपण असतो. पुलावरून जाणारा माणूस नदीकडं अर्धं मिनिट बघतो, आपण तीन-तीन तास एका जागी बसून बघतो. नदीला काय होतंय हे सगळ्यात आधी आपल्याला कळतं आणि आपणच ते पिशवी झटकून घरी जाताना तिथं सोडून येतो.

म्हणून वही. रोज चार ओळी पुरतात. तारीख, वेळ, जागा. पाणी वाहतंय की थांबलंय. रंग कसा, वास कसला, फेस आहे का. मासा लागला तर कोणता, साधारण किती वितींचा. लागला नाही तर तसंही लिहा, कारण ‘काही नाही’ हीसुद्धा नोंद असते. अक्षर वाईट असलं तरी चालेल. आणि मासे वर तोंड काढताना दिसले, पाणी अचानक काळं किंवा तांबूस झालं, तर आधी घड्याळ बघून वेळ लिहा. मग फोटो काढा. फोटोत पुलाचा खांब, घाटाची पायरी, देऊळ असं काहीतरी येऊ द्या, म्हणजे जागेबद्दल वाद राहत नाही. मग लगेच प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या सांगलीतल्या कार्यालयात कळवा, आणि तक्रार तोंडी न ठेवता लेखी द्या. बाटलीत पाणी भरून घरी ठेवण्यात फारसा अर्थ नाही. प्राणवायूचं मोजमाप जागेवरच करावं लागतं, घरी नेईपर्यंत तो बदलतो. आपलं काम त्यांना वेळेत तिथं आणण्याचं.

मार्च २०२३ मध्ये सांगलीजवळ कृष्णेत मेलेल्या माशांचा खच पडला तेव्हाची गोष्ट आठवत असेल. मासे तरंगताना बघून लोक पिशव्या आणि पोती घेऊन धावले. कळकळीनं सांगतो, असं कधीही करू नका. कशानं मेला हे माहीत नसलेला मासा खायचा नाही, विकायचा नाही, कुत्र्या-मांजरांनाही घालायचा नाही. फुकट मिळाला म्हणून मोह होतो, मला समजतं. पण आपण गळवाले आहोत, मासा ओळखणारे आहोत. त्या गर्दीत उभं राहून दुसऱ्याला थांबवायचं काम आपलं होतं.

त्याच कारणानं नाल्याच्या तोंडापाशी गळ टाकायचं टाळा. शेरीनाला जिथं नदीत उतरतो तिथं मासा भरपूर लागतो, हे तुम्हीही जाणता आणि मीही. घाणीत अन्न असतं म्हणून तो तिथं जमतो. पण तो मासा घरी लेकरांच्या ताटात वाढायचा नाही. जड धातू कल्ल्यांत आणि यकृतात साठत जातात, आणि सांडपाण्यातले रोगजंतू तर डोळ्यांना दिसतही नाहीत. नदीचा मासा खायचाच असेल तर नाल्याच्या बराच वर, वाहत्या पाण्यातला घ्या, कल्ले आणि आतडी टाकून द्या, नीट शिजवा. आणि एक गैरसमज काढून टाका. ‘मरळ मिळते, वाम मिळते, म्हणजे नदी चांगली आहे’ असं आपले लोक म्हणतात. मरळीला आणि वामीला हवेतून श्वास घेता येतो. प्राणवायू फार कमी असलेल्या पाण्यातही त्या तग धरतात. नदी कशी आहे ते विचारायचं तर ज्यांना हे जमत नाही अशा माशांना विचारावं लागतं, मळ्याला, कोळसाला.

या नावांची एक गोष्ट आहे. साधारण १८३९ मध्ये कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्यानं दख्खनच्या माशांची वर्णनं लंडनमध्ये छापली. इथल्या मासेमारांनी सांगितलेली कितीतरी नावं त्यानं जशीच्या तशी लॅटिनला जोडली. आपला मळ्या ‘गारा मुल्या’ झाला. कोळस ‘कोलुस’ झाला, शिंगटी ‘सींगटी’ झाली. आजही जगातल्या कुठल्याही शास्त्रज्ञाला त्या माशाचं नाव घ्यायचं तर आपल्या भोयांच्या तोंडचा शब्द उच्चारावा लागतो. मला याचा अभिमान वाटतो, पण एक खंतही आहे. नावं सांगणारे आपले, लिहिणारा मात्र परका. सांगणाऱ्या माणसांची नावं कुठं राहिली नाहीत. तुमच्या वहीवर तुमचं नाव असेल.

आणि ही नावं आता विसरत चालली आहेत, कारण मासेच बदलले. पिशवी उघडून बघा. चिलापी, सायप्रिनस, रोहू, कटला, मृगळ. रोहू, कटला, मृगळ हे मूळचे गंगेच्या खोऱ्यातले, मत्स्यबीज सोडून इथं आणलेले. सायप्रिनस देशाबाहेरचा. चिलापी आफ्रिकेतली, भारतात १९५२ मध्ये आली. मादी अंडी आणि पिल्लं तोंडात सांभाळते, वर्षातून कितीतरी वेळा वीण होते, घाण पाणीही तिला चालतं. तिच्याशी आपला मळ्या काय टक्कर देणार? कोणी चिलापीवर राग धरावा असं मी म्हणत नाही, गरिबाच्या घरी तिनंच कालवण शिजतं. फक्त ती लागली तर घरी न्या. हाताएवढी नाही म्हणून परत सोडण्यात पुण्य नाही.

मागूर मात्र वेगळा विषय आहे. आफ्रिकन मागूर पाळायला देशात २००० पासून बंदी आहे, आणि २०१९ मध्ये हरित लवादाच्या आदेशानंतर महाराष्ट्रात त्याची तळी नष्ट करण्यात आली. महापुरात तळी फुटतात, आणि फुटलेल्या तळ्यात जे असेल ते नदीत येतं. हा मासा हाताला लागेल ते खातो, दुसऱ्यांची पिल्लं, बेडूक, काहीही. तो गळाला लागला तर पाण्यात परत सोडू नका. डोक्यावर एक घाव घालून लगेच संपवा, तडफडत ठेवू नका. आणि घरातल्या काचेच्या पेटीतले मासे नदीत सोडणाऱ्यांना हात जोडून अडवा. ‘जीव वाचवला’ या समाधानात ते येतात, त्यांचा हेतू वाईट नसतो. पण काच चाटून साफ करणारा तो काटेरी मासा उजनीत कोळ्यांच्या जाळ्यात सापडतो आहे. तो तिथं आपणहून चालत गेला नाही.

आता पावसाळ्याचं. मृगाचा पाऊस पडला, नदीला पहिलं गढूळ पाणी आलं की आपल्या हातांना खाज सुटते, कारण चढणीचे मासे निघतात. ओढ्याच्या तोंडाशी, बंधाऱ्याच्या पायथ्याला ते दाटीवाटीनं वर चढायला बघतात आणि लोक काठ्यांनी, टोपल्यांनी, मच्छरदाण्यांनी त्यांना उपसतात. लहानपणी मीही उपसले आहेत. आजीनं पोट चिरल्यावर आत पिवळीधमक अंडी निघायची आणि आम्ही पोरं खूश व्हायचो. त्या एकेका पोटात हजारोंनी, मोठ्या माशात लाखांनी अंडी होती, हे तेव्हा कुणी सांगितलं नाही. निदान मृग आणि आर्द्रा ही दोन नक्षत्रं गळ गुंडाळून ठेवा. महिनाभराचीच गोष्ट आहे.

मरळीसाठी तर मी भांडायलाही तयार आहे. पावसाळ्याच्या तोंडाला शांत पाण्यात, गवताच्या कडेला लालसर पिल्लांचा पुंजका तरंगताना दिसतो. पाण्यात कुंकू सांडल्यासारखा. त्याच्याखाली आई-बाप दोघं राखण करत असतात. जवळ काहीही आलं की मरळ त्याच्यावर तुटून पडते, भूक नसतानाही. हे माहीत असलेले काही लोक मुद्दाम त्या पुंजक्यात बेडूक फिरवतात आणि मरळ उचलतात. असली मरळ पकडण्यात कसब काही नाही. तिचा राग आणि तिची माया वापरून तिला मारायचं, एवढंच. मग तासाभरात बाकीचे मासे ती पिल्लं खाऊन टाकतात. तुम्हाला असं कुणी करताना दिसलं तर आवाज चढवा. मी चढवतो. एकदा एक तरुण पोरगा माझ्यावर उखडला, ‘काका, नदी काय तुमच्या बापाची हाय?’ म्हणाला. मी त्याला पुंजक्याजवळ नेऊन नुसतं दाखवलं. त्यानं काठी आवरली.

सोडायचा मासा नीट सोडा. आधी हात ओले करा. माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर म्हणजे त्याचं चिलखत, कोरड्या हातानं तो निघून जातो. उन्हात तापलेल्या पायरीवर त्याला टाकू नका. गळाच्या टोकामागचा उलटा काटा पकडीनं दाबून सपाट केलात तर गळ अलगद निघतो. मासा सुटतो म्हणून लोक हे करत नाहीत. दोरा ताणून धरला तर सुटत नाही, करून बघा. गळाला कासव लागलं तर ओढाओढ अजिबात नको. कासव कायद्यानं संरक्षित आहे, ते घरी नेणं हा गुन्हा आहे. गळ आत गेला असेल तर दोरा तोंडाजवळ कापा आणि वन विभागाला १९२६ या क्रमांकावर फोन करा.

सगळ्यात मोठा अपराध आपण मासे पकडून करत नाही, तंगूस टाकून करतो. गुंता झाला की तोडायचा आणि तिथंच फेकायचा, ही सवय आपल्यातल्या जवळजवळ सगळ्यांना आहे. घाटाच्या पायऱ्यांत, बाभळीच्या फांदीत, जलपर्णीत तो अडकून राहतो आणि कुजत नाही. मागच्या हिवाळ्यात एक पाणकावळा बाभळीला उलटा लोंबकळत होता. पंखात तंगूस, पायात तंगूस, मधे माझ्यासारख्याच कुणाच्या तरी हातचं शिसं. तो दोन दिवस फडफडत होता असं टपरीवाल्यानं सांगितलं. माझा नव्हता असं मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. तेव्हापासून पिशवीत रिकामी प्लास्टिकची बाटली ठेवतो. तुटलेला तुकडा, मग तो वीतभर असो, त्या बाटलीत जातो. दुसऱ्यानं टाकलेला दिसला तर तोही जातो. महिन्यात बाटली गच्च होते.

मगरीचं थोडक्यात सांगतो, कारण तुम्हाला ते माहीत आहे आणि माहीत असूनही तुम्ही ऐकत नाही. भिलवडी, औदुंबरपासून सांगलीपर्यंत कृष्णेत मगरी आहेत. पाण्यात पाय सोडून बसू नका. गुडघाभर पाण्यात उभं राहून गळ टाकू नका. कडेला उकिडवं बसून मासे साफ करू नका, त्याची घाण पाण्यात फेकू नका, आणि अंधार पडायच्या आत उठा. फेब्रुवारी ते एप्रिल मगर वाळूच्या काठात अंडी घालते, पावसाळ्याच्या आसपास पिल्लं निघतात. त्या दिवसांत मादी जागा सोडत नाही. तिला दगड मारणाऱ्यांना अडवा. ती आपल्या आधीपासून इथं आहे. वहीत मगर कुठं दिसली तेही लिहा, आणि कडेला धुणं धुणाऱ्या बायकांना जाऊन सांगा.

पुराच्या दिवसांत तर नदीकडं जायचंच नाही. आयर्विन पुलाजवळ पाणी ४० फुटांना पोचलं की इशारा, ४५ ला धोका. २०१९ मध्ये ते ५७ फुटांच्या वर गेलं होतं. तेव्हाही लोक कठड्यावरून गळ टाकत होते.

आणि भोई बांधवांशी नीट वागा. नदी त्यांच्यासाठी विरंगुळा नाही, चूल आहे. त्यांची जाळी जिथं लावलेली असतात तिथं गळ टाकून ती फाडू नका, कुठल्या पट्ट्यात त्यांच्या संस्थेचा ठेका आहे ते विचारून घ्या. मला भेंड बांधायला शिकवलं ते एका भोई मामांनी. ज्वारीच्या ताटातलं भेंड काढून, वाळवून, त्याला तंगुसाची गाठ कशी मारायची ते त्यांनी एका दुपारी दाखवलं. पाण्याचा वास घेऊन ते सांगायचे, ‘आज वर कुठंतरी काय तर सोडलंय बघ.’ बहुतेक वेळा खरं निघायचं. त्यांच्याकडं वही नव्हती. ते गेले, आणि साठ वर्षांची नदी त्यांच्याबरोबर गेली.

सुरुवातीला कंटाळा येईल. मलाही आला. पहिल्या महिन्यात माझ्या वहीत ‘पाणी संथ, काही नाही’ एवढंच सतरा वेळा आहे. मग मार्चच्या एका पानावर लिहिलंय: पहाटे ५.५०, बंधाऱ्याखाली, पाण्याला गुळमट वास, फेस, लहान मासे वर. त्या पानाचा फोटो मी त्याच सकाळी सव्वासातला मंडळाच्या कार्यालयाला पाठवला, आणि दुपारच्या आत नमुने घेणारी माणसं नदीवर होती.

रविवारी सकाळी सहा ते नऊ मी सरकारी घाटाच्या पायऱ्यांवर असतो. वीस वह्या आणून ठेवल्या आहेत. येऊन घेऊन जा. पेन तुमचं आणा.